०.१ मिलिमीटरचा करार

बाजारात अर्धा इंची म्हणून मिळणारी, बाहेरून १२.७ मिलिमीटर व्यासाची तांब्याची नळी घ्या. ती दुसऱ्या नळीच्या फुगवलेल्या तोंडात १० मिलिमीटर आत सरकवली आणि भोवती सगळीकडून ०.१ मिलिमीटर फट राहिली, तर ती भरायला ४० घन मिलिमीटर धातू लागतो. १५ टक्के चांदीच्या काडीने काम केले तर त्याचे वजन सुमारे ०.३४ ग्रॅम भरते. तोंड सैल फुगवले असेल आणि फट ०.२५ मिलिमीटर झाली, तर तोच सांधा ०.८४ ग्रॅम धातू खातो. चांदीचा भाव हिशेबाच्या सोयीसाठी किलोला १ लाख रुपये धरू. आजचा भाव जितक्या पट असेल तितक्या पटीने पुढचे आकडे वाढवून वाचावेत. पहिल्या सांध्यात ५ रुपये १० पैशांची चांदी गेली, दुसऱ्यात १२ रुपये ६० पैशांची. हजार सांध्यांमागे फरक पडला साडेसात हजारांचा.

हे साडेसात हजार ब्रेझिंग करणाऱ्याच्या, म्हणजे काडी वितळवून फटीत भरून असे सांधे जोडणाऱ्याच्या, खिशातून जातात. नळी सैल दिली ती पुरवठादाराने. ग्राहकाच्या ड्रॉइंगवर फटीचा आकडाच नव्हता, त्यामुळे भांडायला जागा नाही. शिवाय नुसते पैसेच जात नाहीत. अशा काड्यांसाठी फट साधारण ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर असावी असा संकेत आहे, कारण तेवढ्याच अरुंद जागेत वितळलेला धातू आपोआप आत ओढला जातो. फट त्याहून मोठी झाली की कारागीर वरून धातू रचत जातो. बाहेरून कडा गुळगुळीत, भरीव दिसते. आत पोकळी राहिली की नाही हे नळी कापल्याशिवाय कळत नाही.

बाहेरून येणारा माल ही एक फाईल आणि ग्राहकाची मागणी ही दुसरी, अशी वाटणी मोठ्या कारखान्यांत असते. छोट्या वर्कशॉपमध्ये दोन्ही फायली मालकाच्या डोक्यात असतात. पण ब्रेझिंगमध्ये या दोन्ही गोष्टी त्याच फटीत एकत्र येतात आणि सांधा थंड झाल्यावर त्यांना वेगळे करता येत नाही. गुणवत्तेची मानके अशा कामाला विशेष प्रक्रिया म्हणतात ते याचसाठी. नंतर तपासून खात्री देता येत नाही, म्हणून खात्री आधीच बांधून घ्यावी लागते. ती बांधायची जागा म्हणजे आपण पुरवठादाराला दिलेली खरेदीची ऑर्डर आणि ग्राहकाकडून आपल्याला आलेली खरेदीची ऑर्डर, म्हणजे पीओ. गोंदियासारख्या जिल्ह्यात तर या दोन कागदांचे वजन पुण्यापेक्षा जास्त आहे, असे माझे म्हणणे आहे.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. तालुके ८, लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १३ लाख २२ हजार. ओळख भाताची, भातगिरण्यांची, विडीची. ब्रेझिंग नावाचा उद्योग जिल्ह्याच्या कोणत्याही वर्णनात सापडणार नाही, कारण तो दुसऱ्या धंद्यांच्या पोटात लपलेला असतो. फ्रीज आणि एसीची दुरुस्ती, शीतगृहांची कॉइल, लेथवरच्या कार्बाइडच्या टोकाची हत्यारे, मोटार रिवाइंडिंग, आरागिरणीच्या पट्टीचा सांधा, ही सगळी त्याचीच कामे. दुसऱ्या टोकाला तिरोड्याचे औष्णिक वीज केंद्र आहे. ६६० मेगावॉटचे ५ संच, एकूण ३,३०० मेगावॉट, २०१२ ते २०१४ या काळात सुरू झालेले. या आकाराच्या जनित्रांत आणि केंद्रातल्या उच्च दाबाच्या मोटारींत तांब्याचे असंख्य सांधे ब्रेझिंगचेच असतात. तिसरीकडे बिरसीचा विमानतळ आणि तिथले वैमानिक प्रशिक्षण. तिथल्या विमानाच्या एखाद्या नळीला गावातल्या कारागिराने हात लावायचा नाही. विमान वाहतूक महासंचालनालयाच्या सीएआर-१४५ नियमाखाली मान्यता असलेल्या संस्थेनेच ते काम करायचे. म्हणजे पन्नास किलोमीटरच्या परिघात ग्राहकाच्या अपेक्षा ‘गॅस थांबला पाहिजे’ इथून ‘प्रत्येक भागाचा माग काढता आला पाहिजे’ इथपर्यंत पसरलेल्या. काडी विकणारा दुकानदार मात्र सगळ्यांचा बहुधा एकच.

आता ती काडीच पाहू.

दुकानात जाऊन ‘४५ टक्केवाली सिल्व्हर रॉड द्या’ असे म्हणायची पद्धत आहे. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या ए५.८ या यादीत ४५ टक्के चांदीच्या किमान तीन वेगवेगळ्या काड्या आहेत. बीएजी-१ मध्ये चांदीबरोबर १५ टक्के तांबे, १६ टक्के जस्त आणि २४ टक्के कॅडमियम असते. ती ६०७ अंश सेल्सिअसला वितळू लागते आणि ६१८ ला पूर्ण पातळ होते. बीएजी-३६ मध्ये कॅडमियम नाही, ३ टक्के कथील आहे. तिचे आकडे ६४६ आणि ६७७. बीएजी-५ मध्ये कॅडमियमही नाही आणि कथीलही नाही. ती ६६३ ला सुरू होऊन ७४३ ला पूर्ण पातळ होते. बोलायला तिन्ही ‘४५ टक्के’, चांदीही तेवढीच, दिसायलाही जवळपास सारख्या. पूर्ण वितळण्याच्या तापमानात मात्र १२५ अंशांचे अंतर. पहिल्या काडीवर हात बसलेल्या कारागिराला तिसरी काडी दिली तर तो ती ‘वाहत नाही’ म्हणून परत करील, नाहीतर टॉर्च रेटून तांबे करपवील. दोष त्याच्या हाताचा नसतो. ऑर्डरवर फक्त चांदीचे प्रमाण लिहिले होते, काडीचा वर्ग लिहिला नव्हता.

उलट बाजूने विचार केला तर प्रकरण जास्त गंभीर आहे. कॅडमियम ७६७ अंशांना उकळते. टॉर्चची ज्योत सहज दोन-तीन हजार अंशांची असते, त्यामुळे काडी थोडी जास्त तापली की कॅडमियमची वाफ थेट कारागिराच्या नाकात जाते, आणि ती जीवघेणी ठरू शकते. गोंदियातल्या मे महिन्यात शेडमध्ये पंखा लावला तर ज्योत हलते, म्हणून काम चालू असताना पंखा बंद ठेवतात. वाफ जागेवरच राहते. युरोपीय संघाने १० डिसेंबर २०११ पासून ब्रेझिंगच्या काड्यांत ०.०१ टक्क्याहून जास्त कॅडमियमला बंदी घातली. संरक्षण, विमान आणि सुरक्षिततेच्या काही कारणांपुरती सूट ठेवली. २४ टक्के आणि ०.०१ टक्का यांच्यात २,४०० पटींचे अंतर आहे. नागपूरच्या बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एखाद्या कारखान्याचा माल पुढे युरोपला जाणार असेल आणि त्याने जॉबवर्कच्या पीओवर एवढेच लिहिले असेल की ‘सिल्व्हर ब्रेझिंग करून देणे’, तर ही अट वाटेतच गळून पडली. खाली काम करणाऱ्याला ती कळणार कशी? मोठ्या मानकांत ग्राहकाची अट जशीच्या तशी खालच्या पुरवठादारापर्यंत पोचवण्यावर इतका भर असतो, त्याचे कारण हेच. आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत ८.४ हे अख्खे कलम बाहेरून घेतलेल्या वस्तू, सेवा आणि प्रक्रियांवर आहे. व्यवहारात अट एकेका पायरीवर आखडत जाते. वर दहा ओळी असतात, खाली दोन उरतात.

एसीच्या कामात सर्वांत खपणारी काडी वेगळीच आहे: तांबे आणि फॉस्फरसची. तांबे साधारण ९३ टक्के, फॉस्फरस ७ टक्के. ७१० ला सुरू, ७९३ ला पूर्ण पातळ. तिच्यात १५ टक्के चांदी घातली आणि फॉस्फरस ५ टक्क्यांवर आणला की आकडे होतात ६४३ आणि ८०२, सांधाही जरा लवचीक होतो. तांब्याशी तांबे जोडताना हिला फ्लक्स लागत नाही, कारण फॉस्फरसच ऑक्साइड काढतो. मग ही सगळीकडे का वापरू नये? कारण लोखंडाशी किंवा निकेलशी फॉस्फरस मिळाला की कडक, ठिसूळ थर तयार होतो. कॉम्प्रेसरची बाहेर आलेली नळी पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते. वरचा तांबडा रंग पाहून फॉस्फरसची काडी लावली की सांधा त्या दिवशी टिकतो आणि कॉम्प्रेसरच्या थरथरीने पुढे कधीतरी तडकतो. तिथे चांदीची काडी आणि फ्लक्सच हवा. ग्राहकाने भाग देताना ‘नळी पोलादाची’ हे दोन शब्द लिहिले असते तर? तो लिहीत नाही, म्हणून घेणाऱ्याने विचारायचे. मला विचाराल तर कामाची ऑर्डर घेताना विचारायचा पहिला प्रश्न दराचा नसावा. धातू कोणता, हा असावा.

मोठ्या जनित्रांचा अनुभव फॉस्फरसच्या याच काडीबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो. स्टेटरच्या पट्ट्यांतून पाणी फिरवून थंड ठेवलेल्या जनित्रांत पोकळ तांब्याचे पदर टोकाच्या तुकड्यात ब्रेझिंगने बसवलेले असतात. फॉस्फरसयुक्त काडीने केलेल्या अशा सांध्यांत बारीक पोकळ्या राहिल्या की तिथे पाणी साचते आणि हळूहळू धातू कुरतडला जातो. जगभरच्या वीज केंद्रांना ही गळती वर्षानुवर्षे चालल्यानंतर सापडली आहे. एसीच्या नळीला चालणारी काडी पाण्याच्या सततच्या संपर्कात चालेलच असे नाही, हे जनित्र बनवणाऱ्यांनाही महागात पडून कळले.

फ्लक्सची गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो आणि १९९९ पर्यंत गोंदियाही त्याच जिल्ह्यात होता. पितळेचा डाग द्यायला टाकणखार लावण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. टाकणखार ७४३ अंशांच्या आसपास वितळतो. पितळी काडी ९०० च्या आसपास वितळते, तेव्हा टाकणखार तिच्या आधी पातळ होऊन पृष्ठभाग झाकतो. जोडी अगदी बरोबर जमते. पण ६१८ अंशांना पातळ होणाऱ्या चांदीच्या काडीपुढे तोच टाकणखार घट्टच राहतो. धातू आधी वितळतो, फ्लक्स नंतर. म्हणून चांदीच्या काड्यांना फ्लोराइडचे, ५५० अंशांपासून काम करू लागणारे फ्लक्स घ्यावे लागतात. काडी एका दुकानातून आणि फ्लक्स दुसऱ्या दुकानातून स्वस्त मिळाला म्हणून आणला, तर या दोन आकड्यांची गाठ घालून पाहण्याची जबाबदारी वर्कशॉपवरच येते. शिवाय हा पावसाचा जिल्हा. फ्लक्स चढवलेल्या काड्या जुलैत उघड्या ठेवल्या तर ओल धरतात. डबा उघडल्याची तारीख त्यावर खडूने लिहायला काही लागत नाही.

तपासणीचे काय? विभागातली तपासणीची ठिकाणे नागपुरात. विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचा धातुशास्त्र विभाग तिथला, ॲल्युमिनियम संशोधनाचे जवाहरलाल नेहरू केंद्रही तिथलेच. गोंदियाहून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. पाच किलो काड्यांच्या पेटीसाठी दरवेळी नमुना नागपूरला पाठवणे परवडत नाही. मधला मार्ग सराफ्यात आहे. सोन्याचा कस पाहायला ठेवलेल्या एक्सआरएफ यंत्रावर काडीतली चांदी, तांबे, जस्त, कॅडमियम यांचा ढोबळ अंदाज येतो. फॉस्फरस त्यावर भरवशाने कळत नाही, आणि सराफाचा आकडा ग्राहकापुढे पुरावा म्हणून ठेवता येणार नाही. पण ‘कॅडमियम नाही’ म्हणून विकलेल्या काडीत कॅडमियम आहे का, एवढे पाहायला तो पुरतो. पुराव्यासाठी काडी बनवणाऱ्याचे हीट नंबरसह, म्हणजे धातूच्या घाण्याच्या क्रमांकासह, चाचणी प्रमाणपत्र मागावे. ते देणार नाही त्या दुकानदाराकडून स्वस्तात मिळाली तरी काडी घेऊ नये.

ग्राहकाच्या बाजूला सर्वांत महाग पडणारे वाक्य आहे ‘लिकेज नको’. हे वाक्य तपासता येत नाही.

साधारण १ लिटर आतली जागा असलेली एसीची कॉइल घेऊ. नायट्रोजन भरून १० मिनिटे ठेवली आणि चांगल्या डिजिटल गेजवर ०.१ बारची घसरण ओळखू येते असे मानू. त्याहून कमी गळती आपल्याला ‘शून्य’ दिसणार. पण दर १० मिनिटांना ०.१ बार-लिटर म्हणजे वर्षाच्या ५२,५६० ‘दहा-मिनिटां’त सव्वापाच हजार बार-लिटर. ग्राहकाच्या मनात मात्र असते की वर्षाला ५ ग्रॅमहून जास्त गॅस जाऊ नये. आर-३२ हा गॅस साध्या दाबाला लिटरमागे साधारण २.१ ग्रॅम भरतो, म्हणजे ५ ग्रॅम झाले सुमारे २.४ बार-लिटर. ५,२५६ भागिले २.४ केले की कळते, गेजची कसोटी ग्राहकाच्या अपेक्षेपेक्षा जवळपास २,२०० पट ढोबळ आहे. साबणाचा फेस किंवा इलेक्ट्रॉनिक शोधक वापरला तर हे अंतर बरेच कमी होते, आणि हेलियमच्या यंत्राने मिटतेच. पण ते यंत्र गोंदियाच्या शेडमध्ये असणार नाही. म्हणून पीओवर दाब किती, वेळ किती, कोणत्या साधनाने, आणि किती घसरण चालेल, हे चार आकडे हवेत. ते लिहून घेतले की वर्कशॉप काय हमी देते आणि काय देत नाही हे दोघांनाही ठाऊक होते. ग्राहक तसे लिहून द्यायला कचरतो, असा अनुभव कुणालाही येईल. ‘लिकेज नको’ यात त्याची सोय असते. नंतर सापडलेली प्रत्येक गळती त्यात बसते.

सांधे किती आहेत, हा आकडाही करारात यायला हवा. एका सांध्याची खात्री ९९.९ टक्के असेल तर ऐकायला उत्तम वाटते. पण १०० सांध्यांची कॉइल असेल तर सगळे सांधे चांगले निघण्याची शक्यता ९०.५ टक्क्यांवर येते. दहातली एक कॉइल परत. मोठ्या मोटारीच्या रोटरमध्ये तांब्याच्या ५० पट्ट्या असल्या आणि प्रत्येकीची दोन्ही टोके कड्याला जोडलेली असली तरी हेच १०० सांधे झाले. परत येणे शंभरात एकावर आणायचे असेल तर एका सांध्याची खात्री ९९.९९ टक्के लागते, म्हणजे दहा हजारांत एकच बिघाड. दर ठरवताना ‘नग किती’ यापेक्षा ‘सांधे किती’ हे मोजून दर लावणारे वर्कशॉप शहाणे.

ॲल्युमिनियमची कॉइल आली की घोळ वाढतो. १२ टक्के सिलिकॉनची नेहमीची काडी ५७७ ते ५८२ अंशांत वितळते. ३००३ जातीचे ॲल्युमिनियम ६४३ ला वितळू लागते, म्हणजे हातात साठेक अंश मोकळे. ६०६१ जातीचे मात्र ५८२ लाच वितळू लागते. काडी पूर्ण पातळ होते त्याच क्षणी मूळ भागही खचायला लागतो. ॲल्युमिनियम तापून लालही होत नाही, डोळ्यांनी अंदाज घ्यायची सोय नाही. आणि ड्रॉइंगवर लिहिलेले असते फक्त ‘ॲल्युमिनियम’.

अशा अर्धवट खात्रीची किंमत काय पडू शकते याचे एक दूरचे उदाहरण घेतो, कारण त्याचे आकडे उघड नोंदीत आहेत. १० एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेची ‘थ्रेशर’ ही अणुपाणबुडी अटलांटिकमध्ये बुडाली. १२९ माणसे गेली. नेमके कारण आजही वादाचे आहे. चौकशीत मात्र इंजिनच्या खोलीतल्या समुद्राच्या पाण्याच्या नळीचा चांदीच्या ब्रेझिंगचा सांधा फुटला असावा, ही शक्यता पुढे आली. पाणबुडीवर बाहेरच्या पूर्ण दाबाला तोंड देणारे असे सुमारे ३,००० सांधे होते. त्यातल्या १४५ सांध्यांची अल्ट्रासोनिक तपासणी बुडण्याआधी झाली होती आणि १४ टक्के सांधे अपेक्षेपेक्षा कमी दर्जाचे निघाले होते, म्हणजे वीसेक. त्यातल्या बहुतेकांत दुरुस्ती लागेल इतका धोका नाही असे ठरले होते. तेच प्रमाण सगळ्या सांध्यांना लावले तर चारशेच्या वर संशयास्पद सांधे घेऊन ती समुद्रात गेली. अमेरिकी नौदलाने त्याच वर्षी ‘सबसेफ’ नावाची व्यवस्था सुरू केली. तिचा गाभा साधा आहे: माल कोणता आला, कोणी जोडला, कशी तपासणी झाली, याचा प्रत्यक्ष पुरावा हातात असल्याशिवाय काम झाले असे म्हणायचे नाही. १९१५ ते १९६३ या काळात युद्धाबाहेरच्या कारणांनी त्या नौदलाने १६ पाणबुड्या गमावल्या होत्या. १९६३ नंतर एकच, १९६८ ची ‘स्कॉर्पियन’, आणि तिला सबसेफ प्रमाणपत्र नव्हते.

हे वाचून गोंदियातल्या वर्कशॉपने लगेच मोठ्या प्रमाणपत्रांच्या मागे लागावे असे मी म्हणणार नाही. विमान उद्योगाची नॅडकॅप व्यवस्था १९९० पासून आहे. तिच्याबरोबर भट्टीच्या तापमानाचे एएमएस २७५० हे मानक येते, ज्याची ‘जी’ ही आवृत्ती २०२२ मध्ये आली. त्यात दुसऱ्या वर्गाच्या भट्टीत कुठेही ठरलेल्या तापमानाच्या ६ अंशांहून जास्त इकडेतिकडे चालत नाही, पाचव्या वर्गात १४ अंश चालतात. निकेलची नेहमीची काडी ९९९ अंशांना पूर्ण पातळ होते. ते काम निर्वात भट्टीचे. टॉर्चवर काम करणाऱ्याला हे लागत नाही आणि परवडतही नाही. असे काम आले तर ते बाहेर पाठवावे. पण बाहेर पाठवले की आपणच ग्राहक होतो, आणि ‘व्हॅक्यूम ब्रेझिंग करून देणे’ एवढेच चलनावर लिहून मोकळे झालो तर आपणही वरच्या कारखान्यासारखेच वागलो. वाहन उद्योगाची सीक्यूआय-२९ ही ब्रेझिंगची स्वपरीक्षणाची यादी मात्र छोट्यांनाही वाचण्यासारखी आहे. आणि कारागिराबद्दल अमेरिकेच्या एएसएमई नियमावलीतली एक अट फुकटात उचलता येते: एखाद्या पद्धतीचे काम ६ महिने केले नसेल तर पुन्हा परीक्षा द्यायची. हंगामी कामाच्या जिल्ह्यात ही अट अगदी चपखल आहे. उन्हाळ्यात एसीचे काम करणारा हात पावसाळ्यानंतर थेट रोटरवर जाऊ नये.

जिथे खर्च खरोखर कमी आहे तिथे आपण काटकसर करतो, हे नायट्रोजनवरून दिसते. नळी तापवताना आतून मंद नायट्रोजन सोडला नाही तर आत काळी ऑक्साइडची खपली धरते आणि पुढे कॉम्प्रेसरमध्ये जाते. ७ घनमीटरचा एक सिलिंडर मिनिटाला ४ लिटरने सोडला तर २९ तास पुरतो. सांध्याला २ मिनिटे धरली तर ८७५ सांधे. सिलिंडर भरायला ५०० रुपये धरले तरी सांध्यामागे ६० पैशांहून कमी. फटीत वाया जाणाऱ्या साडेसात रुपयांच्या चांदीबद्दल कोणी बोलत नाही आणि हे ६० पैसे वाचवले जातात.

पैशाचा प्रश्न पुरवठादार आणि ग्राहक यांच्यात वर्कशॉपला जसा चिमटीत धरतो तसा दुसरा कुठलाच नाही. काडी रोखीने किंवा आठवड्याच्या उधारीवर मिळते. बिलाचे पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात. महिन्याला ४५ टक्के चांदीच्या ४ किलो काड्या लागत असतील तर आपल्या धरलेल्या भावाने १ लाख ८० हजारांची नुसती चांदी झाली. ९० दिवसांनी पैसे येत असतील तर ५ लाख ४० हजार सतत अडकलेले. एमएसएमई कायदा, २००६ म्हणतो की नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. बँक दर ५.७५ टक्के धरला तर व्याज १७.२५ टक्के, ३ लाखांच्या बिलाला ४५ दिवस उशीर झाला तर सुमारे ६,४०० रुपये. हे व्याज मागणारा वर्कशॉपवाला पुढचा पीओ मिळण्याची आशा सोडूनच मागतो, हे सगळ्यांना माहीत आहे. १ एप्रिल २०२४ पासून ४३बी(एच) कलमाने आलेली आयकराची तरतूद त्यामानाने उपयोगी पडते. मुदत उलटून वर्षअखेरपर्यंतही पैसे दिले नाहीत तर ग्राहकाला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, त्यामुळे मार्चमध्ये फोन न करता बिले सुटतात. काडी विकणारा व्यापारी मात्र या ४५ दिवसांच्या संरक्षणात येत नाही. २०२१ मध्ये व्यापाऱ्यांना एमएसएमईत घेतले ते बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरते. म्हणून तो उधारी आवळतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

यातून निघायची एक वाट अलीकडे काही ग्राहक स्वतःच सुचवतात: काडी आम्ही देतो, तुम्ही फक्त मजुरी घ्या. चांदीच्या भावाची जोखीम त्यांची. जीएसटीच्या १४३ व्या कलमाखाली हा माल चलनावर कर न भरता येतो, आणि जॉबवर्क होऊन एका वर्षाच्या आत परत गेला नाही तर तो दिला त्या दिवशीच विकला असे धरले जाते. खेळते भांडवल एका फटक्यात सुटते. पण आता काडी निवडण्याचा अधिकार ग्राहकाकडे गेला आणि सांध्याची हमी मात्र आपल्याकडेच राहिली. शिवाय ‘किती काडी दिली, किती परत आली’ हा ग्रॅमचा हिशेब नव्याने उभा राहतो, आणि त्यात सैल नळीने खाल्लेली जास्तीची काडी चोरी समजली जाऊ शकते. असे काम घेताना पहिल्या ५० सांध्यांचे वजन ग्राहकाच्या माणसासमोर करून सांध्यामागचा खप चलनावर सही घेऊन लिहावा, आणि काडीच्या पेटीवरचा हीट नंबर त्याच चलनावर उतरवून घ्यावा. पेटीवर हीट नंबर नसेल तर ती काडी परत पाठवावी, मग ती ग्राहकाची का असेना.